दोन सिनेमांच्या मधली कादंबरी



पुस्तकावरून सिनेमा निघतो हे सोलापूरकरांना सांगायला नको. आपल्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली पुस्तक लिहिलं आणि त्यावरून व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. आज मी बोलणार आहे ते उलट्या वाटेनं चालणाऱ्या पुस्तकांबद्दल. सिनेमा आधी येतो, चालतो, लोकांच्या तोंडी होतो. मग दुसरा भाग येईपर्यंत मधली जी तीन-चार वर्षं मोकळी राहतात, त्यांत कुणीतरी कादंबरी लिहितं. पहिल्या सिनेमाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांच्यामध्ये काय घडलं, हे सांगणारी कादंबरी. विज्ञानपटांच्या दुनियेत अशी पुस्तकं शेकड्यांनी आहेत. समीक्षक त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या कपाटात हलकं आणि भारी असे दोन कप्पे नव्हते असं त्यांचे जुने वाचक सांगतात. म्हणून हा विषय इथे मांडायचं धाडस केलं.

आपल्याकडेही सिनेमाला चिकटून छापील मजकूर यायचा. थिएटरबाहेर आण्या-दोन आण्याला गाण्यांची पुस्तिका मिळायची. पातळ, बहुधा रंगीत कागदावर छापलेली, दोन टाचण्या मारलेली. पहिल्या पानावर नटनट्यांची यादी, मग कथासार आणि मग गाणी. हे कथासार म्हणजे एक खास वाङ्मयप्रकार होता. नायिका संकटात सापडली, खलनायकानं दार लावून घेतलं, आणि इथे लेखक हात झटकून म्हणायचा की पुढचं रुपेरी पडद्यावरच पाहा. निम्मी गोष्ट छापून निम्मी राखून ठेवायची. ती राखलेली निम्मी गोष्ट अनेकांनी सिनेमा न पाहताच पुरी केली असणार, कारण पुस्तिकेपुरते पैसे असत आणि तिकिटापुरते नसत.

हॉलिवूडनं ही पुस्तिका फुगवून दोनशे पानांची केली. ‘स्टार वॉर्स’ १९७७ च्या मे महिन्यात पडद्यावर आला, पण त्याची कादंबरी १९७६ च्या अखेरीसच दुकानात होती. मुखपृष्ठावर नाव जॉर्ज ल्यूकसचं, लिहिणारा ॲलन डीन फॉस्टर. तेव्हा घरोघर व्हिडिओ नव्हते. सिनेमा थिएटरमधून उतरला की गेला. तो पुन्हा हवा असेल तर ही कादंबरी घ्यायची, उशीखाली ठेवायची.

हे काम दुय्यम समजलं जातं, पण त्यात डोकं चालवायला किती वाव असतो ते पाहा. १९६६ चा ‘फॅन्टास्टिक व्हॉयेज’ आठवा. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली आहे. पाणबुडी आणि तिच्यातली माणसं सूक्ष्म करून त्याच्या रक्तात सोडतात. मुदत साठ मिनिटांची, त्यानंतर सगळं मूळ आकाराला येणार. शेवटी एक पांढरी पेशी पाणबुडी गिळते, उरलेली माणसं डोळ्यातल्या अश्रूवाटे बाहेर पडतात, टाळ्या, समाप्त. कादंबरी लिहायचं काम आयझॅक असिमोव्हकडे आलं आणि त्यांना जो प्रश्न पडला तो प्रेक्षागृहात बसलेल्या एखाद्या चौथीतल्या पोरालाही पडला असेल: अहो, पाणबुडी आतच राहिली की! पेशीनं गिळली म्हणून काय झालं? साठ मिनिटं भरली की तिचे तुकडे मोठे होणार आणि ज्याला वाचवायला गेले तो फुटून मरणार. असिमोव्हनी कादंबरीत ती पेशीच माणसांच्या मागे लावून पोटातल्या भंगारासकट शरीराबाहेर काढली. सिनेमा बदलला नाही, पण पुस्तकापुरतं भोक बुजलं. आणि गंमत अशी की असिमोव्ह भराभर लिहिणारे आणि सिनेमा रखडलेला, त्यामुळे पुस्तक आधी बाजारात आलं. मग कित्येकांचा समज झाला की सिनेमाच असिमोव्हच्या कादंबरीवरून काढला आणि काढताना ही घोडचूक केली.

मराठी वाचकाला जवळचा धागा सांगतो. डॉ. जयंत नारळीकर, जन्म कोल्हापूरचा. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. मराठी विज्ञानकथेला तिथून पाठबळ मिळालं हे आपण जाणतोच. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल. हॉइल मोठे खगोलशास्त्रज्ञ आणि कादंबरीकारही. १९६१ मध्ये बीबीसीनं दाखवलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही दूरदर्शन मालिका हॉइल आणि जॉन एलियट यांची. दूरच्या अवकाशातून संदेश येतो, त्यात एक प्रचंड संगणक बांधायच्या सूचना असतात, आणि तो बांधल्यावर जे व्हायचं ते होतं. दोघांनी पुढच्याच वर्षी त्या मालिकेची कादंबरी केली. इकडे बीबीसीनं मालिकेच्या टेप पुसून टाकल्या. तेव्हा तीच रीत होती. सात भागांपैकी आज एकच भाग जवळपास पूर्ण सापडतो. म्हणजे मूळ गेलं आणि त्याची सावली म्हणून लिहिलेलं पुस्तक उरलं. नारळीकरांचे गुरू हे काम करत होते, तेव्हा हलकं म्हणायची आपली प्राज्ञा नाही.

पण पडद्यावरचं कागदावर उतरवणं वेगळं आणि दोन पडद्यांच्या मधलं लिहिणं वेगळं. दुसऱ्यात खरा पेच आहे. मागचं टोक बांधलेलं असतं. पुढचं कधी बांधलेलं असतं, तर कधी कुणालाच ठाऊक नसतं.

ठाऊक नसताना काय होतं त्याचा नमुना म्हणजे फॉस्टरचीच १९७८ ची ‘स्प्लिंटर ऑफ द माइन्ड्स आय’. पहिला ‘स्टार वॉर्स’ चालेल की पडेल याचा भरवसा नव्हता, तेव्हा ल्यूकसनं फॉस्टरला सांगितलं की अशी गोष्ट लिही, जिच्यावरून कमी खर्चात दुसरा सिनेमा निघेल. म्हणून सगळी कथा मिंबन नावाच्या धुकट, दलदलीच्या ग्रहावर घडते. धुकं असलं की मागचे देखावे रंगवायचा खर्च वाचतो! हॅन सोलो गोष्टीत नाही, कारण हॅरिसन फोर्डनं पुढच्या भागासाठी करार केलेला नव्हता. उरले ल्यूक आणि राजकन्या लिया. तरुण नायक, तरुण नायिका, दलदलीत दोघंच. फॉस्टरनं त्यांच्यात हळूहळू ओढ फुलवली, दुसरं काय करणार? पुढे १९८३ च्या तिसऱ्या सिनेमात कळलं की ती दोघं जुळी भावंडं. आज ते पुस्तक वाचताना पानोपानी कानकोंडं व्हायला होतं. फॉस्टरचा दोष कवडीचा नाही. त्याला ज्या दोऱ्याला गाठ मारायची होती, त्याचं दुसरं टोक १९७८ मध्ये अजून वळलेलंच नव्हतं.

दोन्ही टोकं ठाऊक असतील तर अडचण वेगळी. ‘एलियन’ १९७९ चा, ‘एलियन्स’ १९८६ चा. पहिल्याच्या शेवटी रिप्ली नावाची नायिका एकटीच वाचते आणि छोट्या यानात दीर्घ निद्रेत जाते. दुसऱ्याच्या सुरुवातीला ती जागी होते तेव्हा सत्तावन्न वर्षं उलटलेली असतात. २०१४ मध्ये टिम लेबननं या सत्तावन्न वर्षांत एक कादंबरी बसवली. सदतिसाव्या वर्षी तिचं यान एका खाणजहाजापाशी पोचतं, ती जागी होते, पुन्हा तेच राक्षस, पुन्हा झुंज. पण दुसऱ्या सिनेमात तिला यातलं काहीच आठवत नाही, त्याचं काय? लेबननं शेवटी तिची ती स्मृतीच पुसून तिला परत झोपवलं. हिशेब जुळला. मला मात्र ते पुस्तक मिटताना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. तीनशे पानं जिच्यासोबत धावलो तिलाच त्यातलं काही उरणार नसेल, तर मी कशासाठी धावलो?

आणि तरीही ही युक्ती आपल्याला परकी नाही. वत्सलाहरणाची गोष्ट घ्या. बलरामाची मुलगी वत्सला, तिचं अभिमन्यूवर मन, बलराम तिला दुर्योधनाच्या मुलाला द्यायला निघालेला, आणि घटोत्कच मायेनं वत्सलेचं रूप घेऊन लग्नमंडपात धुमाकूळ घालतो. व्यासांच्या महाभारतात हे कुठेही नाही. तिथे अभिमन्यूचं लग्न विराटाच्या उत्तरेशी होतं आणि मग तो चक्रव्यूहात शिरतो. वत्सला त्याच्या मरणावर रडायलाही येत नाही, कारण ती तिथे असूच शकत नाही. ही गोष्ट लोकांनी द्यूत आणि युद्ध यांच्या मधल्या तेरा वर्षांत बसवली. पांडव रानात, बायकामुलं द्वारकेत, अभिमन्यू वयात आलेला. अशी मोकळी जागा कथेकऱ्याच्या नजरेतून सुटेल कशी? बाबूराव पेंटरांनी १९२१ मध्ये याच कथानकावर ‘सुरेखाहरण’ हा मूकपट काढला आणि त्यातून शांताराम पडद्यावर आले. १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डींचा तेलुगू ‘मायाबाजार’ आला. आपल्या सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात त्याबद्दल मी बोलणं म्हणजे जिथे तो सिनेमा तोंडपाठ आहे तिथे शहाणपण सांगणं आहे. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच लग्नाच्या पंगतीचं सगळं जेवण एकटा संपवतो, तो प्रसंग पाहून न हसणारा माणूस मला दाखवा. पण एक गोष्ट पुढच्या वेळी पाहताना ध्यानात घ्या. तीन तासांच्या त्या सिनेमात पाच पांडवांपैकी एकही पडद्यावर येत नाही. त्यांच्या घरचं लग्न, त्यांच्या मुलाचं लग्न, आणि ते नाहीत. मला यात मोठं कसब दिसतं. ज्यांचं भविष्य व्यासांनी बांधून ठेवलं आहे त्यांना बाहेर ठेवायचं आणि ज्यांच्याबद्दल व्यास थोडंच बोलले त्यांच्याकडून हवं तेवढं काम करून घ्यायचं. घटोत्कच हसू शकतो, हसवू शकतो. युधिष्ठिराला त्या मांडवात आणला असता तर हसू घशातच अडकलं असतं. लेबननं रिप्लीला न उठवता त्या खाणजहाजावरच्या माणसांचीच गोष्ट सांगितली असती, तर स्मृती पुसायची वेळ आली नसती.

सगळेच कथेकरी नायकांना टाळत नाहीत. विठ्ठल उमपांनी गाजवलेलं जांभूळ आख्यान त्याच वनवासातलं, आणि त्यात तर थेट द्रौपदीला हात घातलाय. झाडाचं जांभूळ तोडलं जातं, ते एका ऋषीचं निघतं. आता ते परत देठाला चिकटायचं असेल तर प्रत्येकानं मनातलं खरं बोलायचं. द्रौपदीची पाळी येते. कर्ण सहावा असता तर, असा विचार मनात येऊन गेला, हे तिला सांगावं लागतं. जांभूळ वर जातं. आता बघा, या आख्यानानं महाभारतातली एक घटना बदलली का? नाही. सगळे पुढे अज्ञातवासात जातात, युद्ध होतं, कर्ण रथाचं चाक उपसताना मरतो. पण ते आख्यान एकदा ऐकलेल्या माणसाला कर्णवध ऐकताना द्रौपदीचा चेहरा आठवल्याशिवाय राहत नाही. मधली गोष्ट लिहिणाऱ्यानं घटनेची भोकं बुजवत बसावं की मनाची, असं मला कुणी विचारलं तर मी या आख्यानाकडे बोट दाखवीन. नायकाच्या गालावरचा व्रण कुठून आला, यान कुणी विकत घेतलं, असल्या न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या कादंबऱ्या ढिगानं निघतात आणि ढिगातच राहतात. याउलट, माकडांच्या ग्रहाच्या नव्या मालिकेत २०११ आणि २०१४ च्या सिनेमांमध्ये दहा वर्षांची उडी आहे. या उडीत मानवजात साथीनं मरते, आणि पहिल्या सिनेमानं ती मरणं श्रेयनामावलीच्या वेळी नकाशावरच्या विमानमार्गांच्या रेषांत उरकली. ग्रेग कीझची ‘फायरस्टॉर्म’ त्या रेषांखालचं शहर दाखवते. तेवढ्यासाठी ती वाचावी.

आता प्रश्न मालकीचा. मधल्या गोष्टींपैकी खरी कुठली आणि खोटी कुठली, हे ठरवायचं कुणी?

‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत याचं उत्तर एका तारखेला मिळालं. डिस्नेनं २०१२ मध्ये ल्यूकसची कंपनी सुमारे चार अब्ज डॉलरना घेतली, आणि २५ एप्रिल २०१४ रोजी कंपनीनं जाहीर केलं की आजवरच्या कादंबऱ्या यापुढे ‘दंतकथा’ या सदरात छापल्या जातील. नवे सिनेमे त्यांना बांधील नाहीत. पस्तीसेक वर्षांत लिहिलेलं सगळं एका पत्रकानं घडलं नाही असं ठरलं. वाचक हळहळले, चिडले.

असा निवाडा आपल्याकडेही झाला, पण त्याला सत्तेचाळीस वर्षं लागली. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी तिची पद्धत घालून दिली. ठिकठिकाणच्या शेकडो पोथ्या ताडून पाहिल्या आणि १९६६ मध्ये काम पुरं झालं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितोय, हा सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग संपादकांनी मूळ संहितेबाहेर काढला. स्वयंवरात द्रौपदी ‘सूताला वरणार नाही’ म्हणते, तेही गेलं. पण जे वगळलं ते फेकलं नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत ओळ न् ओळ छापली, कुठल्या पोथीत आहे ते सांगितलं. संपादकांना यातून काही विकायचं नव्हतं, हा मोठाच फरक. तरी वाचकाचा अनुभव दोन्हीकडे सारखाच: जे आपण खरं धरून चाललो ते कागदोपत्री प्रक्षिप्त निघालं.

मग लोकांनी काय केलं? लगेच पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, मराठीत दोन पुस्तकं आली. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’, चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून लिहिलेलं, जे संहितेत नाही त्याला उंबऱ्याबाहेर थोपवणारं. आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’, कर्णाच्या आयुष्यातल्या जेवढ्या म्हणून जागा व्यासांनी मोकळ्या सोडल्या तेवढ्या भरणारी. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण, ज्याला त्याला बोलायला लावणारी. आजरा गावच्या एका तरुणानं एवढी गर्दी बोलती केली. मराठी घरांनी दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवली. आमच्याकडे तरी तसंच होतं, आणि त्यात कुणाला विसंगती वाटली नाही.

या बाबतीत सोलापूर जिल्ह्याची परंपरा तर पार जुनी. सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधरस्वामी, अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि ‘शिवलीलामृत’ लिहिणारे. संस्कृत न येणाऱ्या महाराष्ट्राला महाभारत कळलं ते पुष्कळसं श्रीधरांच्या ओव्यांतून. त्यांनी जैमिनीचा अश्वमेधही मराठीत आणला. जैमिनीचं प्रकरण मोठं मजेशीर आहे. परंपरा म्हणते त्यांनी पूर्ण भारत रचलं, हाती आहे ते एकच पर्व, अश्वमेधाचं. युद्ध संपलं, राज्य मिळालं, आता घोडा सोडायचा, आणि घोडा जाईल तिथे नवी गोष्ट! सुधन्वा, चंद्रहास, बभ्रुवाहन. शेजारच्या कानडी मुलुखात लक्ष्मीशानं हेच पर्व कानडीत नेलं आणि तिथेही ते घराघरांत वाचलं गेलं. श्रीधरांना कुणाची परवानगी लागली नाही आणि मानधनाची विचारणाही त्यांनी कुणाकडे केली नसावी.

फॉस्टरला मात्र करावी लागली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानकथाकारांच्या संघटनेनं जाहीरपणे सांगितलं की त्याच्या ‘स्टार वॉर्स’ आणि ‘एलियन’च्या कादंबऱ्या विकल्या जात आहेत आणि त्याला मानधन मिळत नाही. हक्क विकत घेणाऱ्या कंपनीनं हक्क घेतले, देणं घेतलं नाही, असा तो वाद होता. गाजावाजा झाल्यावर पुढच्या वर्षी फॉस्टरचं प्रकरण मिटलं. तेव्हा तो पंच्याहत्तरीच्या आसपास होता. त्यानं दलदलीत रचलेल्या मिंबन ग्रहाला २०१८ च्या ‘सोलो’ सिनेमात जागा मिळाली होती, हेही लक्षात ठेवा. टिमथी झानचं तसंच. त्यानं १९९१ च्या कादंबरीत राजधानीच्या ग्रहाला कोरसांट नाव दिलं, ते ल्यूकसनं उचलून सिनेमात वापरलं. त्यानं घडवलेला सेनापती थ्रॉन, शत्रूच्या चित्रकलेवरून त्याची युद्धनीती ओळखणारा, २०१४ च्या पत्रकानं दंतकथेत ढकलला गेला आणि दोनच वर्षांत मालिकेतून परत आला. चांगलं पात्र असं सहजी हद्दपार होत नाही. कंपनीलाच त्याची गरज पडली.

मराठीत असं काही का होत नाही, हा प्रश्न प्रश्नोत्तरांत येणारच, म्हणून आधीच बोलतो. मराठी विज्ञानपटच विरळा, तर मधली जागा कुठून येणार! पण विज्ञानपटाचा हट्ट सोडला तर एक जागा मला खुणावते. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, आणि त्यांनीच फुरसुंगीचा बनेश फेणे घडवला, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, सायकलवर सुसाट सुटणारा. २०१७ च्या ‘फास्टर फेणे’ सिनेमात अमेय वाघचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो, हातात मोबाइल आहे, आणि दिलीप प्रभावळकर साक्षात भा. रा. भागवत होऊन त्याला घरात ठेवून घेतात. शाळकरी बन्या आणि हा तरुण, यांच्या मधली वर्षं कोरी आहेत. काळही हलला आहे, कारण पुस्तकांतला बन्या कितीतरी आधीचा. ही गाठ कशी मारायची? आणि ज्या गृहस्थांनी बन्याला जन्म दिला, त्यांना तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा अनोळखी कसा?

अर्थात हक्काचा प्रश्न आहेच, आणि तो भागवतांच्या वारसांना विचारल्याशिवाय सुटायचा नाही. पण कच्चा आराखडा करायला कुणाची बंदी नाही. मी पुस्तकं आणि सिनेमा दोन्ही त्याच नजरेनं पुन्हा चाळले. मधल्या वर्षांत बनेश फेणे एक उन्हाळा सोलापुरात, पूर्व भागातल्या कुणा मित्राच्या घरी मुक्कामाला होता, असं कुणी लिहिलं तर ते खोटं पाडणारं एकही वाक्य मला त्यांत सापडलं नाही.